चौसष्ट नंबर

“हा आपला मिलो नाही,” आई म्हणाली.

“गप गं!” बाबा खेकसले. “चौसष्ट नंबर दिसत नाही का? डोळे गेले की काय तुझे?”

स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या रांगा आमच्या गावाने भरल्या होत्या. पाद्रीबाबांनी त्या रविवारी प्रार्थना पहाटेच उरकली, प्रवचनाला चक्क काट मारली आणि आम्ही चर्चची बस भरून निघालो.

मिलो माझा धाकटा भाऊ. कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला. तो लंबगोल चेंडू घेऊन पळणारे वेगळे, फोटो त्यांचे छापून येतात. मिलो लाइनमन. समोरचा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा आणि आपल्या चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, बस्स. हेल्मेटमुळे तोंडही दिसत नाही, आणि एकसष्ट साली सदऱ्यावर नावं कुठली? नंबर हीच ओळख.

व्यावसायिक संघाने त्याला घेतलं तेव्हा बाबा पोलादाच्या भट्टीवर सगळ्यांना सांगत सुटले, “माझा पोरगा इथला धूर खाणार नाही!” पहिले दोन सामने तो बाकावरच होता. आज मात्र खेळवणार, असं त्यानेच कळवलं होतं.

“मि-लो! मि-लो!” अख्खं गाव बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

“रोझ, तू तरी बघ,” आईने माझा हात धरला. “वाकायच्या आधी तो डावा हात पँटला पुसतो. लहानपणापासून. याने एकदाही पुसला नाही.”

“अगं, मोठ्या संघात गेला तो. मोडली असेल सवय.”

तरी मी स्टँको खाटकाची दुर्बीण हिसकावली. चौसष्ट नंबर बाकावर टेकला, हेल्मेट काढलं. डोक्यावर लालभडक केस!

दुर्बीण हातोहात फिरली तसा एकेकाचा आवाज बंद पडला. बाबा तेवढे एकटेच ओरडत राहिले. कुणाची सांगायची छाती होईना. शेवटी मीच त्यांची बाही ओढली.

सामना संपल्यावर बाहेर आलो, तर मिलो बसच्या पायरीवर बसलेला. अंगात कॉलेजचा कोट, शेजारी बॅग.

“सकाळीच काढलं मला,” तो म्हणाला. “चर्चमध्ये फोन केला, कुणी उचलला नाही. नवा गडी आणला, त्याला माझाच सदरा दिला.”

“आणि तू सामनाभर इथे बसलास, गाढवा?” मला रडू आवरेना. “आत का नाही आलास?”

“इथवर ऐकू येत होतं, रोझ. माझं नाव.”

स्टँकोने टोपी काढून हातात धरली.

मिलो उठून बाबांपुढे उभा राहिला. त्यांच्याहून हातभर उंच, पण मान खाली.

“भट्टीवर मुकादमाला विचाराल का, बाबा? उद्याच?”

ओरडून ओरडून बाबांचा घसा पार बसला होता. त्यांनी नुसती मान डोलावली.