थोरले जावई

"दोन दारांची गाडी म्हणजे दोघांचाच संसार. तिसरं आलं की तुझी कंबर बोलायला लागेल," असं मावशीने तिला बजावलं होतं. तेव्हा ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, नवी नोकरी लागलेली आणि दारात ही बुटकी, लाल, ऐटबाज कूपे. मावशीचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं. म्हणाली, "ते तेव्हाचं तेव्हा बघू."

ते 'तेव्हा' आता रांगायला लागलं होतं आणि त्याला दातही येत होते. त्याला मागच्या सीटवर बसवायचं म्हणजे पुढची सीट वाकवायची, स्वतः तिच्याहून जास्त वाकायचं, छताला टाळकं आपटून घ्यायचं आणि पट्टा लागेपर्यंत श्वास रोखून धरायचा. परवा दवाखान्याबाहेर ती वाकली ती वाकलीच. पाठीत अशी उसण भरली की धड आत, पाय बाहेर. शेवटी वॉचमनने ओढून काढलं. आता पुन्हा कामावर रुजू व्हायचं होतं, रोज पाळणाघर गाठायचं होतं. चार दारांची गाडी हवीच होती आणि त्यासाठी आधी ही जायला हवी होती.

गाडी नवऱ्याच्या आधी त्याच्या सासरच्या दारात आली, म्हणून तो तिला 'थोरले जावई' म्हणायचा. "थोरल्यांचं इंजिन ठणठणीत आहे, रूप तेवढं वयाप्रमाणे गेलंय. तू विचारतील तेवढंच सांग," त्याने बजावलं.

तेवढंच सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाळाच्या अंगावरची पुटकुळी दिव्याखाली धरून बघणारी बाई ती. बॉनेटवर रंगाचे पोपडे सुटलेत, मागचा बंपर चिकटपट्टीच्या आधाराने उभा आहे, पुढच्या दिव्यांना मोतीबिंदू झालाय, सगळं तिने पहिल्या गिऱ्हाइकाला इतक्या काळजीने सांगितलं की तो गाडी न चालवताच, "सांभाळा हं," म्हणून निघून गेला. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

दुसरी आली ती एक तरुण फिजिओथेरपिस्ट. पोपड्यांवरून मायेने हात फिरवत म्हणाली, हे तर सगळं वरवरचं आहे. चक्कर मारून आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. नवरा कागदपत्रं आणायला आत पळाला.

पण हिची नजर भलतीकडेच होती. मुलीने कॉफीचा कप नाकापासून दूर सरकवला. गाडीतली सुगंधी बाटली काढायला लावली. पर्समधून कोरडं बिस्किट काढून उंदरासारखं कुरतडत होती. ही लक्षणं हिला पाठ होती. बोलावं तर गाडी दारातच राहणार, न बोलावं तर रात्रभर डोळा लागणार नाही. नवरा दारातून डोळे वटारत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली, बाळाला उचललं, सीट वाकवली आणि अख्खी कसरत करून दाखवली. बाहेर आली ती केस पिंजारलेली, एक हात कमरेवर.

"हे दिवसातून चारदा करावं लागतं," ती म्हणाली. "तुम्हाला लवकरच लागेल, म्हणून दाखवलं."

मुलगी गोरीमोरी झाली. "अजून घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाहीये मी. तुम्हाला कसं कळलं?"

"बिस्किटाने चुगली केली."

मुलीने मागच्या सीटकडे पाहिलं, मग त्या पोपडे सुटलेल्या लाल बॉनेटकडे पाहिलं आणि हसली. "मी दिवसभर लोकांच्या पाठीच सरळ करते, ताई. ते तेव्हाचं तेव्हा बघू."

हिने बोलायला तोंड उघडलं. मावशी आठवली. तोंड मिटून तिने किल्ली पुढे केली.

"घरजावई एकदाचे घराबाहेर पडले," नवरा म्हणाला.

नव्या गाडीत बाळ आता हव्या त्या दारातून आत जातं. तिचा जीव मात्र जुन्या गाडीच्या मागच्या सीटवरच अडकलाय. फोन करायला धजत नाही. गाडी विकली तरी ताई पाठ सोडत नाहीत, असं वाटेल त्या मुलीला. म्हणून भेटेल त्याला सांगते, आता तुम्हालाही सांगते आहे: कुठे बुटकी लाल कूपे उभी दिसली आणि तिच्या दारातून नुसतेच दोन पाय बाहेर आलेले असले, तर तसेच पुढे जाऊ नका. टपावर हलकेच टकटक करा आणि विचारा, कंबर कशी आहे म्हणून.