दप्तरातली डबी

बूट बनवणाऱ्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. बुटाच्या तळाला उग्र वासाचं, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, ते सुकेपर्यंत दुसरा जोड हातात घ्यायचा, असं वीस वर्षं चाललेलं. दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळायचं. बायको शेजारीच मशीनवर वरचं चामडं शिवायची, तिची तीच गत. त्यामुळे त्यांची चौदा वर्षांची एकुलती एक लेक भिंगरी चार महिने नशेसाठी सोल्युशन हुंगत होती, तरी दोघांना पत्ता नव्हता.

शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "हिच्या रुमालाला कसलातरी वास येतो."

"आमच्या घरात सगळ्यालाच येतो!" तो हसत म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंगरीच्या दप्तरातली डबी टेबलावर ठेवली. ती त्याच्याच दुकानातली होती.

घरी येऊन त्याने आकाशपाताळ एक केलं. "तुझ्या वर्गातल्या त्या तिघींनी नादाला लावलं तुला! त्यांचं तोंड बघायचं नाही!"

"डबी मीच नेली होती, बाबा," भिंगरी म्हणाली. "आणि त्या निदान विचारतात तरी, आज काय झालं म्हणून. तुम्ही दोघं मान तरी वर करता का?"

ते त्याला झोंबलं, कारण खरं होतं.

डॉक्टरांचे उपचार सुरू झाले. डबे कुलपात गेले. आणि दुसऱ्याच दिवशी त्या तिघी दुकानाच्या पायरीवर हजर! तो हातातला बुटाचा लाकडी फर्मा घेऊनच बाहेर धावला. सगळ्यांत उंच पोरगी जागची हलली नाही.

"काका, चौघींनी मिळून सुरू केलं, आता चौघींनी मिळून सोडायचं ठरवलंय. जिला हवंसं वाटेल तिने मोठ्याने सांगायचं. मग बाकीच्यांनी तिला एकटं सोडायचं नाही."

कसलं ठरवणं नि कसलं काय, असं पुटपुटत तो आत गेला. पण पोरी रोज येत राहिल्या.

अकराव्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं असताना भिंगरी शाळेतून आली. चेहरा उतरलेला होता. तिघी तिच्या मागे होत्या.

"बाबा, मला आत्ता हुंगायचंय. खूप वाटतंय."

एक गिऱ्हाईक उगाच हातातला बूट उलटासुलटा करू लागलं. लोकांसमोर काय बोलतेस, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग त्याने लेकीकडे पाहिलं आणि तो थक्कच झाला. एवढीशी पोर, लाजेने लालबुंद झालेली, पण नजर खाली नाही. हे बळ हिने आणलं कुठून? आपल्या घरात तर ते कुणाकडेच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्याचं डोकं ठणकायचं, जीव कासावीस व्हायचा. मग काहीतरी निमित्त काढून तो दुकान उघडायचा, डब्याचं झाकण काढायचा, की बरं वाटायचं. वीस वर्षांत त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तो उठला.

"मलाही," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "मलाही लागतं ते, पोरी."

बायकोचं मशीन थांबलं.

उंच पोरगी पायरीवर बसली आणि तिने शेजारी जागा केली. "बसा, काका," ती म्हणाली. "आम्ही आहोत."