दारावरचा पाला

"पेच्चीअक्का, अगं पाहुणे परत चालले!"

शेजारच्या वेलम्माची हाक ऐकून पेच्ची चुलीपुढून उठली ती धावत दारात आली. तिच्या लेकीला, इसक्कीला, पाहायला आलेली मंडळी गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती. मुलाच्या आईने, वडिवूने, दाराकडे पाहून हात जोडले आणि सगळे कोविलपट्टीच्या बसकडे वळले.

पेच्चीने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. चौकटीवर कडुलिंबाचे हिरवेगार डहाळे! उडदाच्या बियाण्यात घालायचा पाला सावलीत वाळवायचा. अंगणात ठेवावा तर शेळ्या फस्त करतात, म्हणून तिनेच सकाळी तो वर टांगला होता. पण दारावर कडुलिंब म्हणजे घरात अम्मन देवी आलेली, कुणीतरी कांजिण्यांनी निजलेलं. अशा घरात पाहुणा पाऊल टाकेल कशाला? मुलगी तिशीला आलेली, आधीची स्थळं मोडलेली, आणि हे एक चांगलं आलं तर आईच्याच हाताने माघारी!

बियाण्याचं मडकं काखोटीला मारून पेच्ची अनवाणी पळत सुटली.

"अहो अक्का, थांबा! अम्मन नाही आली घरात! पाला टोक्यांसाठी आहे, टोक्यांसाठी!"

वडिवू थबकली. "शपथ घे."

"शपथ कशाला? हात घाला की मडक्यात!"

वडिवूने कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर उडीद उन्हात धरले. "कधीचे गं?"

"पोंगलच्या वेळचे."

"आणि एकालाही भोक नाही? माझ्याकडे पेरणीपर्यंत निम्म्याचं पीठ होतं, बाई!"

"आमची इसक्की पाला बदलत असते. मला मेलीला कुठलं भान? बघितलंत ना, आज काय करून बसले ते!"

वडिवू खदखदून हसली. मग काय, सगळी मंडळी हसत हसत गल्लीत शिरली आणि डहाळ्यांखालून वाकून घरात आली. वडिवूने आणलेली मोगऱ्याची फुलं इसक्कीच्या केसांत माळली. फुलं माळली म्हणजे स्थळ पक्कं! पेच्चीला हसावं की रडावं कळेना.

"पण ही आमच्याकडे आली की तुझं बियाणं कोण राखणार?" वडिवूने विचारलं.

इतकी वर्षं पेच्चीने देवापुढे पोरीच्या लग्नाचं एकच मागणं मागितलं होतं. हे मात्र तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मी आहे की!" ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

इसक्कीने रेशमी साडीच्या पदराने आईच्या तोंडावरचा घाम टिपला. साडी खराब होईल, असं पेच्ची म्हणाली नाही.