गाडी काढायची आहे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. हल्ली लोक मला कौतुकाने 'क्लासिक' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की माझे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. माझा रंग गडद हिरवा, दिवे गोल आणि तोंडाशी चकचकीत पट्ट्यांची जाळी. या जाळीचा मला फार गर्व आहे. गर्वाचे घर खाली, असे म्हणतात. माझे घर म्हणजे पत्र्याचे एक गॅरेज, ते मुळातच खाली आहे, त्यामुळे मला चिंता नाही.

कारखान्यात कुणी माझा सांगाडा जोडला, कुणी दारे बसवली. शेवटी एका जाड चष्म्याच्या कामगाराने माझ्या इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "सुरात आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे मी दुकानाच्या काचेआड उभी असताना दातांचे एक तरुण डॉक्टर आले. इतर गिऱ्हाइके टायरला लाथ मारून बघत. हे मात्र माझ्यासमोर उकिडवे बसले, जाळीच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या आणि हसले. "एकही वाकडी नाही!" मी त्याच क्षणी त्यांची झाले.

ते दिवस सुखाचे होते. सकाळी दवाखाना, रविवारी गावाबाहेरचे तळे. डॉक्टर चालवत आणि शेजारी डॉक्टरीणबाई बसून प्रत्येक वळणावर न मागता सल्ला देत. पाच दिवसांची लेक दवाखान्यातून घरी आणली ती मीच. माझी जाळी डॉक्टर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासत. लेकीचा पहिला दुधाचा दात हलू लागला, तेव्हा माझ्याच मागच्या सीटवर "तो बघ पक्षी!" म्हणत त्यांनी तो अलगद काढला. काडेपेटीत घालून तो माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या तोंडी 'काढणे' हा शब्द दिवसातून वीसदा तरी यायचा. "हा वाचवू. तो मात्र काढायचा आहे." त्यांच्या घरात काढायचे म्हणजे मुळासकट आणि कायमचे, असाच अर्थ रुळला होता. याच शब्दाने पुढे माझ्या जिवावर बेतले.

वर्षे गेली. डॉक्टरीणबाई गेल्या, दवाखाना बंद झाला. डॉक्टरांचा डावा गुडघा दुखू लागला आणि माझा क्लच काही लोण्याचा नाही. एके दिवशी तो वेळेवर दाबला गेला नाही आणि मी फाटकाच्या खांबाला घासले. ओरखडा एवढासा, पण लेक पांढरीफटक पडली. "बाबा, आता पुरे. तुम्हाला काही झालं असतं तर?" डॉक्टरांनी माझ्यावर चादर टाकली.

आठ महिने मी त्या चादरीखाली होते. बॅटरी उतरली, टायर बसले, मागच्या सीटखाली उंदराने संसार थाटला. डॉक्टर रोज गॅरेजच्या दारापर्यंत येत आणि परत जात. त्यांच्या काठीचा आवाज मी ओळखत असे. मला वाटे, ओरखडा उठला म्हणून रागावले असतील.

मग एका गुरुवारी त्यांनी लेकीला चिठ्ठी लिहिली, कारण फोनवर तिच्याशी बोलायचा त्यांना धीर होत नव्हता. चिठ्ठीत दोनच वाक्ये होती. "रविवारी सकाळी गाडी काढायची आहे. माणूस बघून ठेव."

लेक छापखान्यात मुद्रिते तपासते. ऱ्हस्वदीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटत नाही. पण त्या चिठ्ठीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हीच पंचाईत झाली! तिने माणूस बघितला. भंगारवाला.

शनिवारी संध्याकाळी ती माझ्यातले सामान काढायला आली. कप्पा उघडला, काडेपेटी हातात घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. मला बोलता आले असते तर! मी नुसती गारठून उभी होते. उद्या आपले तुकडे होणार, एवढेच मला कळले होते. तिने काडेपेटी परत कप्प्यातच ठेवली.

रविवारी भंगारवाला ट्रक घेऊन आला. त्याने मला गॅरेजबाहेर ढकलले आणि खाली वाकून साखळी अडकवली. तेवढ्यात डॉक्टर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत उशी, हातात थर्मास. ते थेट भंगारवाल्याकडे गेले आणि माझी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"दुसरा गिअर जरा कुरकुरतो. त्याला घाई करू नका. आणि तळ्यापर्यंत हळू चालवा."

"चालवू?" भंगारवाला चक्रावला. "काका, मी गाड्या तोडतो."

डॉक्टरांची नजर साखळीवर गेली. लेक धावली. "बाबा, तुम्हीच लिहिलंत ना, गाडी काढायची म्हणून?"

"अगं, बाहेर काढायची! फिरायला!"

"आणि माणूस?"

"चालवणारा माणूस! मला क्लच दाबवत नाही, हे काय पाटीवर लिहून दारात लावू?"

लेक रडता रडता हसू लागली. "जन्मभर तुम्ही 'काढायचा आहे' म्हणालात की समोरच्याचा दात जायचा. मला कसं कळणार?"

"काढणं कुणालाही जमतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "मी जन्मभर आधी वाचवायलाच बघितलं. हिला कसा काढेन?"

मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला! म्हणजे ते रागावले नव्हते. नुसते लाजत होते.

भंगारवाल्याने साखळी सोडली. मोठ्या मनाचा माणूस. "हिला तोडताना माझाही हात चालला नसता," म्हणत त्याने टायरमध्ये हवा भरली, डब्यातले ताजे पेट्रोल घातले आणि ट्रकच्या बॅटरीला तारा जोडल्या. पण चालवणार कोण? त्याला दुसरे काम होते.

लेकीने किल्ली घेतली. तिची स्वतःची गाडी बिनगिअरची. "मला शिकवा," ती म्हणाली.

डॉक्टर वळसा घालून डॉक्टरीणबाईंच्या सीटवर बसले. "चोक ओढ. दोनदा पाय मार. आता थांब. थांब म्हणजे थांब!" मी खोकले, शिंकले आणि सुरू झाले. गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा बंद पडले. डॉक्टरांनी प्रत्येक वळणावर न मागता सल्ला दिला. तळ्याकाठी पोहोचायला दीड तास लागला, आणि उंदीरही सहकुटुंब सोबत आला.

आता माझी कागदपत्रे लेकीच्या नावावर आहेत आणि फाटकाला घासून उठलेला माझा ओरखडा कुणी पुसलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस आपल्या जुन्या वस्तूविषयी तुटक बोलले, तर त्यांना नीट विचारा, "म्हणजे काय?" आणि आम्हा जुन्या गाड्यांना चादरीखाली जपू नका; आठवड्यातून एकदा रस्ता दाखवा.

आज रविवार आहे. काठीचा आवाज गॅरेजच्या दारापर्यंत आला आहे आणि या वेळी तो परत फिरलेला नाही. डॉक्टर घराकडे वळून लेकीला हाक मारत आहेत, "अगं, गाडी काढ!"