फळा कोण पुसणार

एदलिनला नेमकं कुठं दुखतंय, हे ब्रॉन्क्समधल्या एकाही डॉक्टरला सापडलं नव्हतं. शाळेतून मात्र सारखा निरोप यायचा, की पोरगी वर्गात ‘आऊ’ म्हणते. इंग्रजीत कळ आली की ‘आऊ’ म्हणतात, हे तिच्या आईला, नोल्वियाला, परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळून सांभाळून पाठ झालं होतं.

आज शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिका मिस कॉनलींनी लेकीला थांबवून नोल्वियाला बोलावूनच घेतलं. पोरगी बोलत नाही, स्पॅनिशमधून विचारलं तरी गप्प, तेव्हा तिला वेगळ्या शाळेत घालावं असं त्यांचं मत पडलं.

लेकीला होंडुरासहून आणून फार दिवस झाले नव्हते. आजी लवकर गेली, त्यामुळे पोर आजोबांपाशी, होडीवरच्या पुरुषांत वाढली. इथं आल्या आल्या नोल्वियानं दंडक घातला, घरात गावाकडची गारिफुना भाषा बोलायची नाही, स्पॅनिशच बोलायचं. शाळेतही घरची भाषा तिनं स्पॅनिश सांगितली होती. गारिफुना म्हटलं की लोक ‘ही आणि कुठली?’ असं तोंड करतात, आणि ती तोंडं पाहून ती विटली होती. तेव्हापासून पोरगी घरातही मान हलवूनच भागवायची.

“पण ती ‘आऊ’ म्हणते कधी?” तिनं विचारलं.

“कधीही. कालचंच घ्या. मी डस्टर दाखवून विचारलं, फळा कोण पुसणार? सगळ्यांनी हात वर केले. हिनंही केला आणि म्हणाली, आऊ. मी लगेच नर्सकडे पाठवलं.”

नोल्विया ताठ बसली. दंडक गेला खड्ड्यात. ती गारिफुनात म्हणाली, “एदे, बाईंनी डस्टर दाखवला तेव्हा तू काय म्हणालीस गं?”

“मी पुसते म्हटलं,” एदलिन घडाघडा बोलायला लागली. “दरवेळी म्हणते. आणि दरवेळी त्या मला बर्फाची पिशवी लावायला पाठवतात. त्यांना वेडबिड लागलंय का, आई?”

गारिफुनात ‘मी’ म्हणायला बाई म्हणते ‘नुगुया’ आणि पुरुष म्हणतो ‘आऊ’. पोरीला बायकांचं बोलणं शिकवायला त्या घरात बाईच नव्हती.

नोल्विया हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तिनं मोकळा श्वास घेतला. तिनं सगळा उलगडा केला तेव्हा मिस कॉनली गोऱ्यामोऱ्या झाल्या.

“म्हणजे तिला काहीच दुखत नाही?”

“काही नाही. माझ्या बापासारखी बोलते, एवढाच आजार. आणि घरची भाषा गारिफुना, तेवढं बदलून घ्या.”

मग लेकीला जवळ ओढून ती म्हणाली, “एदे, आपण बायका ‘नुगुया’ म्हणतो.”

“मग आजोबा चुकीचं बोलतात?”



मिस कॉनलींनी टेबलावरचा डस्टर उचलला. दिवसभराचं लिहिलेलं फळ्यावर तसंच होतं.

“फळा कोण पुसणार?”

एदलिननं आधी आईकडे पाहिलं. आईनं हसून मान डोलावली.

“आऊ,” ती म्हणाली, आणि मिस कॉनलींनी डस्टर तिच्या हातात दिला.