जाळीच्या पिशवीतले बाळंतपण

मी एक जुनी गप्पी मासोळी आहे. शेपटीची टोके झिजली, पाठीला बाक आला, तरी काचेवर टकटक केलीत म्हणून मी दचकणार नाही. मित्रांनो, ज्याला दचकणारी मासोळी हवी त्याने दुसरी पेटी बघावी.

मासे अंडी घालतात, असे तुम्ही पाठ केले असेल. अंडी घालणारे पुष्कळ आहेत. आम्ही गप्पी मात्र अंडी पोटातच वाढवतो आणि पोहणारी पिल्ले बाहेर सोडतो. तयार माल, दुरुस्ती नाही.

माझी काचेची पेटी एका शिंपीणबाईंच्या दुकानात आहे, रिळांच्या आणि इस्त्रीच्या मधे. सुरुवातीला पेटीत माझ्याबरोबर एक नर होता. केशरी शेपटीचा. गिऱ्हाइके त्यालाच बघायची. मी मातकट रंगाची, माझ्याकडे कोण बघतो!

पहिल्या बाळंतपणाला पेटीच्या तळाला नुसती चकचकीत खडी होती. झाडाचे एक पान नाही. गप्पीचे पिल्लू मुटकुळे होऊन बाहेर पडते, खाली घसरते, मग अंग ताणून पोहू लागते. त्या वेळी त्याला लपायला जागा लागते. ती नव्हती. एकही पिल्लू उरले नाही.

शिंपीणबाईंची नणंद स्टुलावर बसून बटणे लावत होती. ती ओरडली, “स्वतःची पोरं खाल्ली हिनं! आई आहे का कोण?”

हो का? आम्हा माशांना पिल्लाची ओळख नसते. समोर काही हलले की तोंड उघडते. नराचेही उघडले होते. पण बाप आहे का कोण, असे त्याला कोणी विचारले नाही. त्याची शेपटी केशरी होती ना!

पुढे तो मेला. मी एकटी राहिले, आणि माझे पोट पुन्हा फुगले.

“वहिनी, नर जाऊन किती दिवस झाले! हिला आता कुठलं पोर? रोग आहे हा. द्या गटारात ओतून.”

“वन्सं, जरा थांबा.”

“थांबून काय, पाणी नासवायचं?” नणंदेने पातेले पाण्यात घातलेसुद्धा.

पोटात पिल्ले होती आणि समोर गटार. पण मी खडीत तोंड खुपसले नाही. शिंपीणबाईंच्या समोरच्या काचेला कूस लावून उभी राहिले. बघायचे ते नीट बघा!

गळ्यात टेप तशीच ठेवून त्या वाकल्या. “सूज नाही ही. पोट खाली उतरलंय, चौकोनी झालंय. पोटुशा बायकांचे कपडे उसवण्यात माझा जन्म गेला, मला कळत नाही होय?”

“आणि बाप कुठाय?”

“ते तिला विचारा. तुम्ही बटणं लावा.”

मला विचारलेच आहे तर सांगते. गप्पीची मादी नराचे बीज पोटात साठवून ठेवते. एकदा मिळालेले कितीतरी बाळंतपणांना पुरते. नर असो नसो, माझे अडत नाही.

शिंपीणबाईंनी उरलेल्या जाळीच्या कापडाची पिशवी शिवली. मला आत ठेवायचे, पिल्ले भोकांतून खाली निसटतील, मी त्यांच्या मागे जाऊ शकणार नाही. बेत चांगला होता. पण हाताला सवय फ्रॉकांची, त्यांनी पिशवीला कमरेवर छान चुण्या घातल्या!

“अहो वहिनी, पोरं अडकतील की त्या चुण्यांत! तिला काय लग्नाला जायचंय?”

हे कोण म्हणाले? नणंद! पातेले बाजूला ठेवून तिनेच दातांनी दोरा तोडला आणि चुण्या उसवल्या.

दुपारी मी मोकळी होऊ लागले. एकेक पिल्लू घसरले, भोकातून खाली गेले, अंग ताणून पळाले. नणंद काचेला नाक लावून ओरडत होती, “आलं! वहिनी, अजून एक!” बटणे तशीच राहिली.

आता पेटीत दाट पाणवेल आहे आणि तिच्यात माझी पोरे लपंडाव खेळतात. नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “ही आमची गप्पी.” आमची! मी तिच्याकडे पाठ करते.

मित्रांनो, मला तुमची दया नको. पेटी घरी आणाल तर आधी पाणवेल लावा, आडोसा करा, पोट फुगलेली दिसली की तिला वेगळी ठेवा. एवढे केल्याशिवाय कुठल्या आईला नावे ठेवायला येऊ नका.

आणि नणंदबाई, बोलणे पुरे झाले. माझे पोट परत चौकोनी झाले आहे. पिशवी काढा. चुण्या नकोत.