पिसं उपटणारा दरवाजा

मी एक जुना फिरता दरवाजा आहे. दरवाजा हे आपलं म्हणायला. मला ना चौकट, ना कडी, ना उंबरा. मधे एक खांब आणि त्याला खालपासून वरपर्यंत आडव्या लोखंडी नळ्या, कंगव्याच्या दातांसारख्या. त्या नळ्यांमध्ये एक माणूस शिरतो, मला ढकलतो आणि पलीकडे निघतो. एका वेळी एकच. आणि मी फक्त पुढे फिरतो, मागे फिरत नाही. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेल्या भावंडांपैकी कुणी खेळाच्या मैदानावर गेला, कुणी पोहण्याच्या तलावावर. माझ्या नळ्या मात्र आखूड कापल्या गेल्या, त्यामुळे आतली जागा फारच अरुंद झाली. वेल्डरला वाटलं माप चुकलं. त्याने विचारलं, तर उत्तर आलं की माप बरोबर आहे. लहान मुलांच्या बागेसाठी असेल, अशी स्वतःची समजूत काढून त्याने मला छान निळा रंग दिला. बिचाऱ्याने ब्रश फार मायेने फिरवला होता.

मी आलो तो लष्करी नाक्यावर. पलीकडे जेरुसलेम, अलीकडे डोंगराकडची पॅलेस्टिनी खेडी. तिथले गवंडी, सुतार, फरशीवाले अंधारातच घर सोडतात आणि लोखंडी जाळीच्या बोळातून माझ्यापर्यंत सरकत येतात. बोळ माणसांनी इतका भरतो की खिशात हात घालायची सोय राहत नाही. कुणी जाळीवर चढून डोक्यांवरून पुढे जातो आणि खालच्यांच्या शिव्या खातो. माझ्या डोक्यावर एक दिवा आहे. काचेमागे बसलेला इस्रायली शिपाई बटण दाबतो. हिरवा लागला की मी फिरतो, तांबडा लागला की थांबतो. माझी स्वतःची अक्कल शून्य.

या लोकांनी मला नावही दिलं आहे. बाजारात कोंबडीवाल्याकडे पिसं उपटायचं यंत्र असतं, त्याला ते ‘मआता’ म्हणतात. तेच नाव मला. आधी मला राग आला. मग आतून निघालेल्या माणसांचे विस्कटलेले सदरे आणि तुटलेली बटणं पाहिली, तेव्हा ते नाव मला पटलं.

मला हाक मारणारा एकच माणूस होता. अबू नौफल, म्हणजे नौफलचा बाप. गिलावा करणारा, अंगाने आडवा, डोक्याने चकाचक. त्याच्यामागे त्याचा भाचा मुस्बाह असायचा.

“काय रे पिसंउपट्या, उठलास का? माझ्या डोक्यावर काही मिळायचं नाही तुला. ते काम बायकोनं कधीच उरकलंय.”

“मामा, दाराशी काय गप्पा मारता? सरका की पुढं.”

“माणसं ऐकत नाहीत, म्हणून दाराशी बोलतो बाबा.”

रांगेतले दमलेले चेहरे तेवढ्यापुरते हसायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण त्या सकाळी तो हसवत नव्हता. मुकादमाची गाडी पलीकडे सूर्य वर येईपर्यंतच थांबते. त्या आठवड्यात अबू नौफलची गाडी आधीच चुकली होती आणि मुकादमाने बजावलं होतं, पुन्हा चुकली तर येऊच नकोस. मुकादमाने नाव काढलं की पलीकडे कामाला जायचा परवाना रद्द, आणि परवाना रद्द झाला की माणूस घरी बसला. म्हणून तो गर्दीत जिवाच्या आकांताने पुढे घुसला. मागून लोंढा छातीवर आला, जाळी पाठीत रुतली, तरी तो घुसला. शेवटी तो माझ्यात शिरला आणि तेवढ्यात तांबडा दिवा लागला.

मी थांबलो. त्याच्या पुढेही नळ्या, मागेही नळ्या. काचेमागे पहारा बदलत होता म्हणे. अबू नौफलचा चेहरा घामाने भिजला. त्याला खाली बसायचं होतं, पण माझ्यात बसायला जागाच नाही.

“मामा, काय होतंय?”

“छातीवर कुणीतरी सिमेंटची गोणी ठेवल्यासारखं वाटतंय. तू मुकादमाला फोन लाव आधी. म्हणावं दारातच आहे, आलोच. माझी जागा कुणाला देऊ नको म्हणावं.”

मुस्बाहने काचेकडे तोंड करून ओरडून सांगितलं की माणूस मरतोय, दार उघडा. भोंग्यातून मोडक्या अरबीत उत्तर आलं, “सगळे मागे सरका. मग उघडतो.” मागे शेकडो माणसं होती. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं आणि सूर्य तर वर येत होता. मागे कोण सरकणार?

अलीकडच्या रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. मला उलटं फिरवलं असतं, तर लोकांनी त्याला डोक्यांवरून हातोहात तिच्यापर्यंत पोचवलं असतं. मुस्बाहने आणि आणखी दोघांनी जाळीला पाय लावून मला मागे खेचलं. त्यांच्या तळहातांना रक्त आलं. माझ्या पोटात एक खटका आहे, तो मला मागे फिरू देत नाही. मला त्या वेळी मोडून पडायचं होतं. मी हललोसुद्धा नाही.

दिवा हिरवा झाला, तेव्हा अबू नौफल पलीकडे कोसळला आणि लगेच पुन्हा तांबडा लागला. मुस्बाह अलीकडेच राहिला, मधे मी. एका शिपायाने आधी परवाना मागितला. दुसरा कोवळा पोरगा होता, त्याने गुडघ्यावर बसून अबू नौफलच्या सदऱ्याचं बटण सोडलं. तोवर सगळं आटोपलं होतं.

माझ्या शेजारी गाड्यांसाठी एक फाटक आहे. ट्रक जाईल एवढं रुंद, आणि ते दोन्हीकडे उघडतं. अबू नौफलला त्यातून घरी नेलं. जिवंत असताना त्याला त्या फाटकाकडे बोटही दाखवता आलं नसतं.

दुपारी एक कारागीर येऊन मला तपासून गेला. “जसं थांबायला हवं तसंच थांबलं. नंबर एक माल आहे,” असं म्हणून त्याने माझी पाठ थोपटली आणि सांध्यांत तेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुस्बाह रांगेत होता. मयताच्या घरी तीन दिवस बसायचं असतं, पण मुकादमाने विचारलं होतं, “एक जागा रिकामी झालीच आहे, दुसरीही भरू का?” सांत्वनाला येणारं सगळं गावही त्याच रांगेत उभं होतं. एका म्हाताऱ्या सुताराने थर्मासच्या झाकणात, मयताच्या घरी देतात तशी बिनसाखरेची कॉफी ओतून ती हातोहात पुढे पाठवली.

“त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो,” तो मागून म्हणाला.

“तुम्हालाही, काका.”

“मामीला सांग, आम्ही घरी यायला हवं होतं.”

“तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, सगळे तुला तिथंच भेटतील.”

मुस्बाहने कॉफी संपवली, झाकण मागे दिलं आणि तो माझ्यात शिरला. कालची पट्टी बांधलेला हात त्याने माझ्या नळीवर ठेवला. मी लोण्यासारखा फिरलो. जरासुद्धा आवाज झाला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना हात जोडून विनवतात की आम्हाला जपा, पुसा, आमचं तेलपाणी करा. मीही हात जोडतो. मला जपू नका. मला तेल घालू नका. पावसात उभा ठेवा आणि गंजू द्या.